शेजारची खुर्ची

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या रायटिंग सेंटरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांना लेखनात मदत करणाऱ्या केंद्रात, शिरलं की आधी लक्षात येतात त्या खुर्च्या. लहानलहान टेबलं आणि प्रत्येकापाशी दोन खुर्च्या. पण त्या समोरासमोर मांडलेल्या क्वचितच दिसतात. बहुतेक वेळा त्या शेजारीशेजारी असतात, नाहीतर टेबलाचा कोपरा धरून. एकीवर खर्डा घेऊन आलेला विद्यार्थी, दुसरीवर ट्यूटर, आणि दोघांची नजर एकाच कागदावर. ही मांडणी झाडलोट करताना कुणी सरकवून ठेवलेली नसते. जेफ ब्रुक्स यांनी १९९१ साली ट्यूटरांसाठी लिहिलेल्या एका लेखात बसण्याच्या जागेचा फार बारकाईनं विचार केला आहे. विद्यार्थ्याच्या समोर बसू नये, शेजारी बसावं. कागद आपल्यापेक्षा त्याच्या जवळ असावा. आणि ट्यूटरनं अशा बाजूला बसावं की त्याच्या कागदावर लिहायला आपला हात सहजासहजी जाणार नाही. दुसऱ्याच्या वाक्याला हात लावण्याची खोड माणसात इतकी मुरलेली असते की तिला आवर घालायला खुर्चीची जागा बदलावी लागते. हे ओळखणारा व्यवसाय मला मनापासून आवडतो. त्याच खोलीत, काचेच्या दाराआड किंवा कपाटांच्या मागे, आणखी एक टेबल असतं. तिथे माणूस बहुतेक वेळ एकटाच बसतो आणि त्याच्यासमोर संगणकाचा पडदा असतो. ते संचालकांचं टेबल.

दोन टेबलांमध्ये अंतर चार पावलांचं. पण सत्र जसं पुढे सरकतं तसं ते वाढत जातं. ऑगस्टमध्ये कोणता ट्यूटर कोणत्या तासाला मोकळा आहे याचं वेळापत्रक जुळवायचं असतं. मग नव्या ट्यूटरांचं प्रशिक्षण, त्यांची टाइमशीट, सरकारी वर्क-स्टडी योजनेतून कुणाचे किती तास भागतात याचा हिशेब. प्राध्यापकांच्या वर्गात जाऊन पाच मिनिटांत केंद्राची ओळख करून द्यायची. अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर अडलं की कुणाला तरी फोन करायचा. ग्रंथालयाशी जागेवरून बोलणी चाललेली असतात. मध्येच एखाद्या प्राध्यापकाचा इमेल येतो की माझा अमुक विद्यार्थी खरंच तुमच्याकडे आला होता का. आणि त्याला उत्तर देण्याआधी विद्यार्थ्यांच्या नोंदींची गोपनीयता राखणारा १९७४चा संघराज्याचा कायदा आठवावा लागतो. वर्षअखेरीला डीनकडे अहवाल, बजेटची मागणी, मूल्यांकन समितीसाठी तक्ते. या प्रत्येक कामाला एक तारीख असते आणि ती चुकली तर विचारणारं कुणीतरी असतं. शेजारच्या खुर्चीवरच्या अर्ध्या तासाला असा कुणी वाली नाही. संचालकांनी सबंध महिन्यात एकाही विद्यार्थ्याबरोबर खर्डा वाचला नाही, तरी त्याबद्दल एकही इमेल येत नाही. दोन कामांमधली लढत सुरू होण्याआधीच एका बाजूला झुकलेली असते. त्यामुळे संचालकांनी वेळेचं नियोजन नीट करावं, हा सल्ला मला नेहमी अपुरा वाटतो. इथे प्रश्न शिस्तीचा कमी आणि कोणत्या कामाला काम म्हणायचं याचा जास्त आहे.

ही फाळणी पहिल्यापासून नव्हती. आयोवा विद्यापीठात कॅरी स्टॅन्ली यांनी १९३४ साली रायटिंग लॅब सुरू केली. लिहिणं ऐकून येत नाही, करून येतं, आणि करताना कुणीतरी जवळ हवं, हा त्या काळच्या प्रयोगशाळा पद्धतीचा विचार तिच्यामागे होता. एका खोलीएवढ्या कामात चालवणारं माणूस आणि शिकवणारं माणूस एकच असणं ओघानंच येतं. काम फुगलं ते पुढे. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानं १९७० साली शहरातल्या शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकासाठी दारं उघडली, आणि ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं अशी मुलं हजारोंनी वर्गात आली. ब्रुकलिन कॉलेजमध्ये केनेथ ब्रफी यांनी विद्यार्थ्यांनाच विद्यार्थ्यांचे ट्यूटर म्हणून तयार करायला सुरुवात केली. पर्ड्यू विद्यापीठात म्युरिएल हॅरिस यांनी १९७६ साली लॅब काढली आणि पुढच्याच वर्षी या कामातल्या लोकांसाठी एक वार्तापत्र सुरू केलं. १९८० साली एक संशोधनपत्रिका निघाली, १९८३ साली राष्ट्रीय संघटना झाली. व्यवसाय उभा राहिला तसं पद उभं राहिलं, आणि पदाबरोबर ते दुसरं टेबल आलं. १९८४ साली स्टीफन नॉर्थ यांनी इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्याच व्यवसायातल्या सहकाऱ्यांवर वैतागून एक लेख लिहिला. केंद्र म्हणजे मोडक्या निबंधांची दुरुस्ती करून देणारं दुकान नव्हे, निबंधापेक्षा तो लिहिणारा माणूस घडवणं हे त्याचं काम, असं त्यांचं म्हणणं. तो लेख या क्षेत्रात अजून वाचला जातो. पण माणूस घडवण्याची जागा चालू ठेवायला वीज, पगार, खोली आणि वेळापत्रक लागतं, आणि तेही कुणाच्या तरी वेळेतून येतं, ही बाजू त्या आदर्शाच्या झगमगाटात थोडी झाकली गेली.

ती झाकलेली बाजू उघडी केली ती निकोल कॅसवेल, जॅकी ग्रच मॅकिनी आणि रेबेका जॅक्सन यांनी. केंद्रांच्या नऊ नव्या संचालकांच्या कामाचा वर्षभर मागोवा घेऊन त्यांनी २०१६ साली पुस्तक लिहिलं. संचालकांचं काम त्यांनी तीन प्रकारांत पाहिलं : रोजचं व्यवस्थेचं काम, आपल्या विषयातलं अभ्यासाचं काम, आणि भावनिक श्रम, म्हणजे रडवेल्या ट्यूटरला धीर देणं, चिडलेल्या प्राध्यापकाशी गोड बोलणं, दुसऱ्या विभागाशी स्नेह राखणं. हा तिसरा प्रकार नेमणुकीच्या पत्रात कुठेच लिहिलेला नसतो, आणि दिवस मात्र त्यानंच भरून जातो. ही वर्गवारी वाचल्यावर माझ्या मनात एक प्रश्न रेंगाळत राहिला. संचालक स्वतः विद्यार्थ्यापाशी बसतात तो तास या तिन्हींपैकी कशात मोडतो? तो रोजच्या कामासारखा दिसतो. पण त्यातून विषयाचं ज्ञान मिळतं, आणि भावनेचा भाग तर त्यात असतोच. तो तिन्हींत थोडा थोडा बसतो आणि एकाही रकान्यात पुरता मावत नाही. मला वाटतं, सत्र तापलं की पहिली कात्री त्याच तासाला लागते, याचं एक कारण हेच असावं.

माझं म्हणणं साधं आहे. संचालकांनी ट्यूटरिंगचे काही तास स्वतःकडे राखावेत, आणि ते प्रशासनाचाच एक भाग म्हणून राखावेत. कारण संचालकांना जे निर्णय घ्यायचे असतात ते सगळे त्या टेबलाविषयीचे असतात. सेशन अर्ध्या तासाचं ठेवायचं की पाऊण तासाचं, अपॉइंटमेंटशिवाय आलेल्याला घ्यायचं की नाही, व्याकरणाची मदत करायची तर किती. आणि त्या टेबलावर जे घडतं त्याचा माग फार थोडा उरतो. ट्यूटर नोंद लिहितो : मध्यवर्ती विधान स्पष्ट केलं, परिच्छेदांचा क्रम बदलला, संदर्भ तपासले. त्या नोंदीत काय नसतं ते पाहावं. बहुतेक केंद्रांत विद्यार्थ्याला त्याचाच खर्डा मोठ्यानं वाचायला सांगतात. तो आधी भराभर वाचतो. ज्या वाक्याची खात्री नाही तिथे त्याचा आवाज खाली जातो. कधी तो मध्येच थांबतो आणि आपणच लिहिलेल्या वाक्याकडे परक्यासारखा बघतो. कधी कागदावर चूक तशीच असते, पण तोंडातून बरोबर शब्द येतो, आणि आपण काही दुरुस्त केलं याचा त्याला पत्ताही नसतो. डेव्हिड बार्थोलोमी यांनी १९८० साली चुकांच्या अभ्यासावर लिहिलेल्या निबंधात नेमकी हीच गोष्ट एका विद्यार्थ्याच्या वाचनातून दाखवली आहे. भाषा त्या मुलाला येत होती, ती कागदावर उतरवणं येत नव्हतं. या दोन अडचणींवर उपाय वेगळे आहेत. नोंदवहीत मात्र दोन्ही ‘व्याकरण’ या एकाच खुणेखाली जातात.

आकड्यांचंही तसंच. समजा, एका आठवड्यात एकाच कोर्सच्या दहा-बारा विद्यार्थ्यांनी अपॉइंटमेंट घेतल्या. तक्त्यात मागणी वाढलेली दिसते. म्हणून संचालक त्या वेळेला आणखी एक ट्यूटर मागतात, पैसे मंजूर होतात, अहवालात एक चांगली ओळ पडते. तेच संचालक त्यांतल्या दोघांपाशी बसले असते तर कदाचित कळलं असतं की असाइनमेंटच्या एका वाक्यात तीन प्रश्न दडले आहेत : लेखाचा सारांश द्या, त्यावर टीका करा आणि स्वतःच्या अनुभवाशी जोडा. मुलं अडली आहेत ती लिहिण्यात नव्हे, प्रश्नात. मग उपाय ट्यूटर वाढवण्याचा राहत नाही. त्या प्राध्यापकांबरोबर कॉफी घेत एकदा त्या वाक्याकडे बघण्याचा होतो, आणि त्याला बजेट लागत नाही. आकडा खोटा नव्हता. त्याला काय विचारायचं हे ठरवणारं माणूस टेबलापाशी नव्हतं. दुरून कारभार करण्याला आपण उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतो. इथला उंटावरचा माणूस पुष्कळदा उत्तम स्वभावाचा आणि मेहनती असतो, पण उंचीचा दोष स्वभावानं भरून निघत नाही.

कागदांच्या ढिगातून ज्ञान कसं निघतं याचं सर्वांत मोठं उदाहरण मिना शॉनेसी यांचं. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये, १९७०च्या त्या खुल्या प्रवेशानंतर, मूलभूत लेखनाच्या कार्यक्रमाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. नव्या विद्यार्थ्यांना कोणत्या वर्गात बसवायचं हे ठरवण्यासाठी घेतलेल्या परीक्षांचे निबंध त्यांच्यापुढे येत. प्रशासनाच्या दृष्टीनं तो कागद वाचायचा, एक शिक्का मारायचा आणि बाजूला ठेवायचा. असे सुमारे ४,००० निबंध पुन्हापुन्हा वाचून त्यांनी १९७७ साली पुस्तक लिहिलं. त्यातलं मुख्य निरीक्षण असं की या मुलांच्या चुका बेशिस्त नाहीत. त्यांच्यामागे एक तर्क आहे, नियम ओळखण्याची धडपड आहे, आणि शिकवणाऱ्याला तो तर्क आधी समजायला हवा. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. पण त्यानंतर या विषयाकडे पूर्वीच्या नजरेनं पाहणं अवघड झालं. तेच निबंध केवळ विभागणीसाठी वाचणाऱ्याला त्यात फक्त गुण दिसले असते. शॉनेसींना माणसं दिसली, कारण अशी माणसं त्यांनी वर्गात शिकवली होती. त्यांनी प्रशासन टाळलं नाही, त्यातलाच ढीग शिक्षकाच्या डोळ्यांनी वाचला.

उलट दिशेचं उदाहरण पर्ड्यूचं आहे. टेबलावर तेच ते प्रश्न यायचे : स्वल्पविराम कुठे, उद्धरण कसं द्यायचं, संदर्भसूचीत आधी काय लिहायचं. त्यावर तिथे एकेका पानाच्या पत्रिका तयार होत गेल्या. इमेल आणि वेब आल्यावर १९९०च्या दशकात त्या ऑनलाइन ठेवण्याची व्यवस्था झाली, आणि १९९४ साली पर्ड्यूची ऑनलाइन रायटिंग लॅब वेबवर आली. आज पुण्या-नागपुरातला संशोधक विद्यार्थी प्रबंधाची संदर्भसूची जुळवताना जे पान उघडतो ते बहुधा तिथलंच असतं. इतका मोठा पसारा उभा करणं हे सरळसरळ व्यवस्थापनाचं काम. पण कोणत्या विषयावर पान हवं आणि ते कोणत्या शब्दांत हवं, हे शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यांनी आधीच सांगून ठेवलेलं होतं.

धोरणांच्या बाबतीत तर हे फारच जाणवतं. कितीतरी केंद्रांच्या दारावर किंवा संकेतस्थळावर एक वाक्य असतं : आम्ही प्रूफरीडिंग करत नाही. तत्त्वतः ते योग्यच आहे. ट्यूटरनं सगळं दुरुस्त करून दिलं तर विद्यार्थी शिकणार काय? पण समोर दुसऱ्या भाषेतून आलेला संशोधक विद्यार्थी असला की ते वाक्य तितकं सरळ राहत नाही. महाराष्ट्रातून अभियांत्रिकी करून तिथे गेलेली कितीतरी मुलं या टेबलांपाशी बसतात. त्यांचा मुद्दा पक्का असतो, आकृत्या नेटक्या असतात, आणि ‘ए’ की ‘द’ या प्रश्नाला त्यांच्या मातृभाषेत जागाच नसते. अशा मुलाला ‘तुला इथे काय वाटतं?’ असं तीनदा विचारणं म्हणजे त्याला माहीत नसलेलं त्याच्याकडूनच काढण्याचा खेळ होतो. लिंडा शमून आणि डेबोरा बर्न्स यांनी १९९५ साली या शुद्ध अलिप्ततेवर टीका केली. काही वेळा जाणत्यानं सरळ दाखवून देणं हाच शिकवण्याचा मार्ग असतो, असं त्यांनी मांडलं. नॅन्सी ग्रिम यांनी १९९९ साली विचारलं की केंद्रांच्या चांगल्या हेतूंमागे कुणाची सोय लपलेली आहे. हे वाद नव्या संचालकांनी वाचलेले असतात. पण दारावरचं वाक्य बदलायचं धाडस वाचनातून येतं असं मला वाटत नाही. ते अशा एखाद्या मुलासमोर आपलं धोरण आपल्याच तोंडानं म्हणून पाहिल्यावर येतं.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२मध्ये आल्यानंतर टेबलापाशी बसण्याची ही गरज आणखी धारदार झाली. विद्यापीठं संचालकांकडे धोरण मागू लागली : यंत्राची मदत कुठवर चालेल, ट्यूटरनं काय करावं, संशय आला तर काय. बंद दाराआड असं धोरण लिहायला घेतलं की ते भीतीतून लिहिलं जातं किंवा उत्साहातून. टेबलापाशी दिसतं ते दोन्हींपेक्षा गुंतागुंतीचं असतं. एक विद्यार्थी यंत्रानं दिलेला गुळगुळीत परिच्छेद घेऊन येतो आणि तो मोठ्यानं वाचताना स्वतःच विचारतो की याचा अर्थ काय. दुसऱ्यानं फक्त रूपरेषा काढून घेतलेली असते आणि तीत त्याचा सर्वांत चांगला मुद्दा गळून गेलेला असतो. तिसरीनं काहीच वापरलेलं नसतं, पण आपली वाक्यं यंत्रासारखी वाटतील या धास्तीनं ती मुद्दाम ओबडधोबड लिहू लागलेली असते. या तिघांना एकाच नियमात बसवणारं वाक्य लिहिता येईल. पण ते तिघांपैकी एकाच्याही उपयोगाचं ठरणार नाही.

यावर आक्षेप आहेत, आणि ते किरकोळ नाहीत. पहिला पैशाचा. संचालकांचा तास महाग असतो. तेच काम पदवीच्या वर्गातली मुलगी कमी मोबदल्यात करते, आणि समवयस्क असल्यामुळे पुष्कळदा सरस करते. शिवाय आठवड्यातल्या दोन-तीन विद्यार्थ्यांवरून सबंध केंद्राबद्दल काही ठरवणं शास्त्राला धरून नाही. हे सगळं मान्य केलं तरी मुद्दा उरतो. हे तास सेवा वाढवण्यासाठी नाहीतच, ते पाहण्यासाठी आहेत. दोन सेशनवरून काही सिद्ध होत नाही. पण शेकडो सेशनच्या आकड्यांना कोणता प्रश्न विचारायचा हे त्यांच्यावरून सुचू शकतं. ट्यूटरांकडून ऐकून हे भागेल का? बरंचसं भागतं, आणि ऐकणं बंद करू नये. मात्र ट्यूटरची नोंद पगार देणाऱ्याच्या नजरेखालून जाणार असते, तेव्हा फसलेलं सेशन तिच्यात बरंचसं सावरलेलं दिसतं. आणि वीस वर्षांच्या मुलीला हे ठाऊक नसतं की आपल्याला आज दिसलेली अडचण गेल्या वर्षीही दिसली होती. ती जुळणी ज्याच्याकडे कालचं आणि आजचं दोन्ही आहे त्यालाच करता येते.

दुसरा आक्षेप अधिकाराचा. केंद्राची सगळी भिस्त बरोबरीच्या नात्यावर असते. तिथे संचालक येऊन बसले की विद्यार्थ्याला ते प्राध्यापकच वाटतात आणि बाजूच्या टेबलावरचा ट्यूटर सावरून बसतो. हे खरं आहे, आणि संचालकांनी समवयस्क असल्याचा आव आणू नये. त्यांचं सेशन वेगळं असणार. पण अधिकाराची दिशा उलटवण्याची संधीही तिथेच मिळते. नव्या ट्यूटरांना कसलेल्या ट्यूटरांच्या शेजारी बसवून निरीक्षण करायला सांगतात. तसं त्यांना संचालकांच्या सेशनलाही बसू द्यावं. संचालकांचं सेशन रडतखडत चाललं, प्रश्न चुकला, वेळ संपली आणि मुद्दा हाती लागलाच नाही, हे ट्यूटरनं डोळ्यांनी पाहिलं की प्रशिक्षणाच्या कोणत्याही व्याख्यानात न मिळणारी मोकळीक मिळते. २००७ साली पाच संचालकांनी मिळून केंद्राच्या रोजच्या जगण्यावर एक पुस्तक लिहिलं. केंद्रातली सगळी माणसं एकमेकांकडून शिकत असतात हा त्याचा गाभा. संचालक कधीच शिकताना दिसले नाहीत तर त्या ‘सगळी माणसं’मध्ये त्यांची गणना कशी व्हावी?

तिसरा आक्षेप सगळ्यांत बोचरा आहे. ट्यूटरिंग हे आश्रयस्थान होऊ शकतं. विद्यार्थी जाताना मनापासून आभार मानतो. टाइमशीट कधी आभार मानत नाही. बजेटच्या बैठकीपेक्षा खर्डा वाचणं सुखाचं, म्हणून संचालक तिकडे पळतात आणि पळण्याला तत्त्वाचं नाव देतात. रायटिंग सेंटरच्या लोकांना स्वतःची एक घरगुती प्रतिमाही प्रिय असते : सोफा, कॉफीचं भांडं, खिडकीत रोपटी, आणि बाहेर ते रुक्ष विद्यापीठ. मॅकिनी यांनी २०१३च्या पुस्तकात या लाडक्या कथेलाच प्रश्न विचारले. रायटिंग सेंटरचं काम करून पुढे विद्यापीठाच्या मध्यवर्ती प्रशासनात गेलेल्या जीन सिम्प्सन यांनीही लिहिलं आहे की वरची माणसं केंद्राकडे ज्या चौकटीतून पाहतात ती संचालकांनी समजून घ्यायला हवी. हा आक्षेप मी परतवू इच्छित नाही. ज्या ट्यूटरचा पगार उशिरा झाला त्याचं घरभाडं थांबलेलं असतं, आणि बजेटातली एक ओळ गेली तर दोन्ही टेबलं जातात. वेळापत्रक नीट लावणं हीसुद्धा विद्यार्थ्याची काळजीच आहे. म्हणूनच हा युक्तिवाद दोन्ही बाजूंना लागू पडतो. छोट्या कॉलेजमध्ये एकट्यानं केंद्र चालवणाऱ्या संचालकांचा सगळा दिवस सेशनमध्ये जातो. तिथे राखून ठेवावे लागतील ते तास कागदपत्रांचे.

आणि कागदपत्र म्हणजे तरी काय? अहवाल हेही लेखनच आहे. त्याला एक वाचक आहे, त्याच्यापाशी वेळ थोडा आहे, त्याला काय माहीत आहे आणि काय नाही याचा अंदाज घ्यायचा आहे. टेबलापाशी विद्यार्थ्याला आपण जो पहिला प्रश्न विचारतो, हे कोण वाचणार आहे, तोच प्रश्न डीनकडे जाणाऱ्या मजकुराला विचारायचा. पुष्कळसे अहवाल इतकी सेशन, इतके विद्यार्थी, इतके विभाग एवढं सांगून थांबतात. ते लिहिणाऱ्याला लिहिता येत नाही असं नसतं; त्या आकड्यांत काय घडलं हे सांगण्याजोगं त्याच्या हाताशी काही नसतं. ज्याच्या हाताशी असतं तो दोन वाक्यांत सांगू शकतो की अमुक विभागातली मुलं अर्ध्या तासात कुठवर येतात आणि पाऊण तासात कुठवर येतील, आणि म्हणून पैसे का हवेत. अशा वेळी पहिल्या टेबलावरची मेहनत दुसऱ्यावर उपयोगी पडते, आणि दोन्ही कामं एकमेकांचा वेळ खातात ही तक्रार थोडी सैल होते.

तरी किती तास, याचं उत्तर या युक्तिवादातून निघत नाही, आणि निघावं असंही मला वाटत नाही. एका केंद्राला आठवड्याचे तीन तास पुरतील, दुसऱ्याला एकही परवडणार नाही. डिसेंबरच्या परीक्षांच्या आठवड्यात सगळे हिशेब मोडतील. नॉर्थ यांनीसुद्धा आपल्या गाजलेल्या लेखाकडे दहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा त्यातला आदर्शवाद बराच खाली उतरवला होता. संचालकांनी स्वतःला दिलेली वचनंही तशीच उतरणार. माझा आग्रह एवढाच की हा तास नेमणुकीच्या पत्रात लिहिलेला असावा. तो लिहिलेला नसेल तर चांगले संचालक तो आपल्या संध्याकाळच्या वेळेतून काढतात, आणि विद्यापीठाला तो फुकट मिळतो.

आपल्याकडच्या वाचकाला यातलं फारसं परकं वाटू नये. यूजीसीच्या २०१०च्या नियमांनी प्राध्यापकाचं काम गुणांच्या रकान्यांत बसवायला सुरुवात केल्यापासून, आणि नॅकच्या भेटीसाठी फायली रचताना, महाराष्ट्रातल्या कितीतरी शिक्षकांना हा अनुभव आला आहे की शिकवण्याचा पुरावा गोळा करताना शिकवायलाच वेळ उरत नाही. भारतातही आता लेखन केंद्रं निघू लागली आहेत. सोनिपतच्या अशोका विद्यापीठात असं केंद्र आहे. आपल्या विद्यापीठांतही ती उद्या निघतील, आणि त्यांच्यापुढे येणारी मुलं विचार मराठीत करून इंग्रजीत लिहिणारी, किंवा मराठीतच लिहू पाहणारी असतील. कुठल्याही केंद्राची सुरुवात होते ती संचालकाच्या जागेच्या जाहिरातीनं. त्या जाहिरातीत पात्रता येईल, अनुभव येईल, वेतनश्रेणी येईल. एका विद्यार्थ्याबरोबर त्याचा खर्डा सावकाश वाचण्याचा तास तिच्यात कोणत्या शीर्षकाखाली लिहायचा, हे जाहिरात लिहिणाऱ्यानं ठरवायचं आहे. आणि तो लिहिणारा स्वतः अशा खुर्चीवर कधी बसलेला असेल का, यावर बरंच काही अवलंबून राहील.